सोमवारचा आकडा

पडताळाताई सकाळी घरातून निघाली की तीनदा परत येते. एकदा कुलूप ओढून बघायला, एकदा शेगडी बघायला, आणि तिसऱ्यांदा, मगाशी आपण कुलूप खरंच ओढलं होतं की नुसतं ओढल्यासारखं वाटलं, ते बघायला. नवरा कुलपं दुरुस्त करणारा असून ही तऱ्हा! तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे म्हणतात, पण ते शेवटचं कुणी उच्चारलं हे तिलाही आठवत नाही. सगळे तिला पडताळाताईच म्हणतात, आणि ती ओ देते.

ती काम करते ते बोलत्या पुस्तकांचं ग्रंथालय एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे माणसं काचेच्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचतात. एका प्रकरणाची एक फाइल होते आणि तिच्या प्रती सभासदांच्या घरी जातात. प्रत मुळाबरहुकूम निघाली की नाही हे बघणं ताईचं काम. सगळं ऐकून बघायचं म्हटलं तर तिला चार जन्म पुरणार नाहीत, म्हणून ती चेकसम काढते. यंत्राला फाइल दाखवायची, ते तिच्यातला कण न् कण वाचतं आणि बत्तीस अंक-अक्षरांची एक ओळ हातावर ठेवतं. मुळाची ओळ आणि प्रतीची ओळ एकच आली की प्रत पक्की. वाचणारा एकदा जास्त खोकला तरी ओळ अशी पालटते की ओळख देत नाही. फाइलीचं नाव काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही, आत काय आहे तेवढंच ती बघते. ताई या ओळीला आकडा म्हणते, आणि प्रत्येक फाइलीचा आकडा ती तयार झाल्या दिवशीच कार्डावर लिहून ठेवते.

या आकड्यापायीच तिचं लग्न झालं.

बावीस वर्षांपूर्वी काचेच्या खोलीचं दार अडकलं आणि आत वाचायला बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका कोंडल्या गेल्या. कुलूपवाल्याला बोलावलं. तो आला, दारापुढे मांडी घालून बसला आणि त्याने त्या कुलपाला असं काही खणखणीत आवाजात झापलं की सगळा मजला कामं सोडून ऐकत राहिला. दार उघडलं. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी शिक्षिकेला बाहेर काढलं आणि त्याच हाताने कुलूपवाल्याला आत बसवलं. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद करून तो रोज संध्याकाळी वाचायला येऊ लागला.

त्याचं पहिलं पुस्तक एकोणीस प्रकरणांचं होतं. एकोणिसावं संपलं तेव्हा ताई आकडा कार्डावर उतरवत होती.

"हे काय?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

"आणि कार्ड हरवलं तर?" तो म्हणाला. "त्यापेक्षा आकडा मीच शेवटी वाचतो. पुस्तकाचा आकडा पुस्तकातच. आहे काय त्यात!"

त्याने फाइलीच्या शेपटाला आकडा जोडला, एकेक अक्षर ठासून. ताईने पुन्हा चेकसम काढला. निराळाच! तो म्हणाला, बरं, मग हा वाचतो. वाचला. आकडा पुन्हा पालटला. कुलूपवाल्याच्या हिशोबी, किल्ली नाही अशी वस्तू जगात नव्हती, त्यामुळे तो हट्टाला पेटला. रोज नवं प्रकरण वाचून झालं की तो एकोणिसाव्याकडे वळायचा. ताईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं की हे कधी जमणार नाही. आकडा आत घातला की आत आहे तेच बदलतं, आणि ते बदललं की आकडा बदलतो. पण तिने चकार शब्द काढला नाही. काढला असता तर तो वेळेवर घरी गेला असता!

तेराव्या दिवशी त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने कानांवर हेडफोन चढवले. "प्रयत्न तेरावा," त्याचा आवाज म्हणाला. "हा आकडा काही माझ्या हाती लागत नाही. आता आकडेवाल्या बाईंनाच विचारून बघतो. माझ्याशी लग्न कराल का?" मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी खुर्ची पडल्याचा धाडकन आवाज. ताईने शांतपणे चेकसम काढला, एकोणीस नंबरच्या कार्डावर आधीचे सगळे आकडे खोडून नवा लिहिला, आणि त्याच्याखाली लिहिलं, हो. संध्याकाळी ते कार्ड तिने त्याच्या हातात दिलं. त्या दिवशी पुस्तक काही वाचून झालं नाही.

सभासदांच्या प्रतींतून हा सगळा तमाशा अर्थातच कापला गेला. मूळ फाइल मात्र ग्रंथालयाच्या यंत्रात, कुलूपवाल्याच्या डिरेक्टरीत राहिली. डिरेक्टरी म्हणजे यंत्रातलं फाइलींचं कपाट समजा. तिथे त्याच्या चौसष्ट फाइली होत्या, आणि ती एकोणिसावी जगात तेवढी एकच होती. ग्रंथालयातलं काहीही घरी न्यायचं नाही हा नियम ताईचाच, त्यामुळे स्वतःच्या लग्नाची मागणीसुद्धा तिने घरी नेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी कुलूपवाल्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. याहून जास्त त्यावर बोलायचं नाही असं दोघांनी ठरवलं, आणि तो तर तसाही बोलणार नव्हता.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलाला सायकलची घंटी बसवली. एकदा वाजली की हो. दोनदा वाजली की नाही. तीनदा वाजली की, बाई, तुझ्यापुढे मी हात टेकले. मोठं काही सांगायचं असेल तर खडू-पाटी होती, पण भांडण पाटीवर कसं करणार? एक वाक्य लिहून होईपर्यंत ताईचा राग निवायचा, आणि तिला ते अजिबात चालत नसे. म्हणून ती दोन्ही बाजूंनी भांडू लागली.

"अहो, खिडकी उघडी कुणी ठेवली?" ती विचारायची. मग आवाज जाड करून त्याच्या वतीने म्हणायची, "तूच ठेवलीस. चादर झटकलीस तेव्हा."

"चादर मी काल झटकली."

"मग कालपासून उघडी आहे."

इथे ती अडकायची, कारण मुद्दा बिनतोड असायचा. घंटी एकदा वाजायची. त्याची बाजू ती इतकी चोख मांडायची की निम्म्या भांडणांत हरायची. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंची पक्की समजूत होती की यांच्याकडे कुणीतरी घोगऱ्या आवाजाचा पाहुणा येऊन राहिला आहे आणि तो जायचं नाव घेत नाही.

आणि एक सोमवारचा नेम होता. दर सोमवारी सकाळी ताई कुलूपवाल्याच्या डिरेक्टरीचा पडताळा घ्यायची. पूर्वी ती चौसष्ट फाइलींचे आकडे एकेक काढून कार्डांशी ताडून बघायची, त्यात तास जायचा. मग एकदा, ऑपरेशनच्या वर्षभर आधी, घाईत तिने फाइलीचं नाव न टाकता नुसतं डिरेक्टरीचं टाकलं, आणि जुन्या यंत्राने जराही कुरकुर न करता एकच आकडा दिला. ताई हरखली. सगळ्या कपाटाचा मिळून एक आकडा! दुसऱ्या सोमवारी तोच, तिसऱ्या सोमवारीही तोच. तो तिला तोंडपाठ झाला. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ती सांगायची, "सगळं बरोबर आहे." टेबलावरची घंटी एकदा वाजायची. दहा वर्षांत आकडा एका अक्षराने हलला नाही, आणि ताई त्या जोरावर सुखाने झोपायची.

मग त्या बुधवारी जुनं यंत्र निघालं. पाच वाजता ट्रक येणार होता. यंत्र खाली जाणार, त्याच्यातल्या डिस्का दाबयंत्रात चेपल्या जाणार. त्याच्या शेजारी नवं कोरं यंत्र येऊन बसलं होतं आणि सगळ्या फाइली त्यात उतरवून झाल्या होत्या. ते काम करणारी यंत्रवाली चटपटीत होती, सारखी काहीतरी गुणगुणत असायची आणि ताईला काकू म्हणायची. तेवढं सोडलं तर मुलगी चांगली होती.

"काकू, तुम्ही एकदा सही केलीत की मी मोकळी," ती चार वाजता म्हणाली.

"पडताळ्याशिवाय मी माझ्या लग्नाच्या कागदावरही सही केली नव्हती," ताई म्हणाली, आणि ते खरं होतं. खुर्ची पुढे ओढून तिने नव्या यंत्रावर ऐटीत नवऱ्याच्या डिरेक्टरीचं नाव टाकलं.

यंत्राने उत्तर दिलं: ही डिरेक्टरी आहे.

"मला माहीत आहे," ताई पडद्याला म्हणाली. "आकडा दे."

ही डिरेक्टरी आहे.

"काकू, डिरेक्टरीचा चेकसम निघत नाही," यंत्रवाली म्हणाली. "फाइलीचाच निघतो."

"निघत नाही काय? दहा वर्षं काढतेय!" ताई जुन्या यंत्राकडे वळली, नाव टाकलं, आणि तोंडपाठ आकडा पडद्यावर यायच्या आधीच म्हणून दाखवला. पडद्यावर तोच आला.

यंत्रवाली गुणगुणायची थांबली. "अय्या! खरंच देतंय की! जुनी यंत्रं असं करतात हे मी नुसतं ऐकलं होतं. पुन्हा करा ना, पुन्हा करा!" ताईने पुन्हा केलं. मुलीने टाळ्या पिटल्या.

"आता नव्याला सांग तू," ताई म्हणाली.

"पण काकू, हा आकडा आतल्या फाइलींचा नाहीच आहे. डिरेक्टरीत फाइली नसतात हो, फाइलींची यादी असते. कुठल्या नावाची फाइल कुठल्या खणात आहे, एवढंच. हे म्हातारं ती यादीच फाइल समजून वाचतं आणि तिचा आकडा देतं. नवं सरळ सांगतं, ही यादी आहे, फाइल दाखवा."

ताई खुर्चीतून उठली. "आणि आतली एखादी फाइल बिघडली असेल तर?"

"नाव तेच, खण तोच. म्हणजे यादी तीच. आकडा तोच."

दहा वर्षं! ताई मटकन बसली. खाली जुनं यंत्र होतं. ते तिच्या वजनाने करकरलं, पण चालत राहिलं. कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई दहा वर्षं कपाटावरची यादी वाचून घरी जात होती, आणि नवऱ्याला छातीठोकपणे सांगत होती, सगळं बरोबर आहे! आत त्याचा आवाज होता की नुसती खरखर उरली होती, देव जाणे. आणि पाचला पंचेचाळीस मिनिटं होती.

"रडू नका, काकू. एकेक फाइल काढू."

"रडत नाहीये. काकू म्हणू नकोस."

यंत्रवालीने एका आज्ञेत दोन्ही यंत्रांतल्या चौसष्ट फाइलींचे आकडे ओळीने काढले आणि त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या. एकही ओळ जुळेना! ताईने किंकाळी फोडली. मुलीने जीभ चावली. "थांबा थांबा. दोघं आपापल्या क्रमाने फाइली सांगतात. नावाप्रमाणे लावून घेते." लावल्या. चौसष्टच्या चौसष्ट जुळल्या.

"झालं! प्रत पक्की. करा सही."

"प्रत पक्की म्हणजे नवं आणि जुनं दोघं एकच सांगताहेत," ताई म्हणाली. "दोघं मिळून एकच थाप मारत असले तर? माझी कार्डं काढ. डावीकडचा खालचा खण. नाही, मीच सांगते, मी उठणार नाही."

मग त्या खोलीत जे चाललं ते बघायला शेजारच्या खोलीतले सगळे दाराशी जमले. यंत्रवाली पडद्यावरचा आकडा म्हणायची, ताई यंत्रावर बसल्या बसल्या कार्डावरचा म्हणायची, आणि शेवटचं अक्षर जुळलं की दोघी मिळून ओरडायच्या, "बरोबर!" दहाव्या फाइलीपर्यंत दारातलेही ओरडू लागले. अठरा कार्डं झाली.

एकोणिसाव्याला यंत्रवालीने पहिली चार अक्षरं म्हटली आणि ताईने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. एकही अक्षर जुळत नव्हतं.

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. ताईने ते कार्ड बाजूला ठेवलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "पुढची घे." एकोणिसाव्याचं काय झालं हे कळण्याआधी उरलेला नवरा मोजून घ्यावा, एवढंच तिला सुचलं. पुढच्या पंचेचाळीस जुळल्या. त्रेसष्ट बरोबर, एक चूक. आणि चूक कुठे, तर नेमकी तिथे.

एवढ्यात ट्रकवरची दोन माणसं दोर घेऊन आली. "बाई, उठा. हेच न्यायचं ना?"

"मी उठणार नाही."

"मग तुमच्यासकट नेऊ का?"

"न्या!" ताई म्हणाली. "आधी मला हेडफोन द्या."

तिने डोळे मिटून एकोणिसावी लावली. प्रकरण सुरू झालं. आवाज होता. तोच, खणखणीत! तिने पुढे सारलं. प्रकरण संपलं. मग एकामागून एक बारा आकडे, प्रत्येक आधीच्याहून चिडलेला. मग तेरावा प्रयत्न. माझ्याशी लग्न कराल का. शांतता. खुर्ची. सगळं जिथल्या तिथे होतं. मग आकडा का बदलला? ती हेडफोन काढणार, तोच कानात कुणीतरी घसा खाकरला.

"प्रयत्न चौदावा," कुलूपवाल्याचा आवाज म्हणाला. हा आवाज वयाने मोठा होता आणि जरा घासलेला. "आज शनिवार आहे. दाराचं कुलूप मी उघडलं, तुमच्या कुलपात काही दम नाही. उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर बोलणं बंद. तेव्हा ऐक. यापुढे आपल्या भांडणात माझी बाजू तुलाच मांडावी लागेल. नीट मांड. मला उगाच हरवू नकोस. तू सोमवारी पडताळा घेशील, आकडा बदललेला दिसेल, आणि हे ऐकशील. ऐकल्यावर मला त्यातलं काही विचारू नकोस, मला रडू येईल आणि टाके उसवतील. कबूल असेल तर दवाखान्यात येऊन फक्त तुझं नेहमीचं म्हण, सगळं बरोबर आहे. मी समजेन." थोडं थांबून तो म्हणाला, "बाकी काय, खिडकी तूच उघडी ठेवतेस."

ताईला तो सोमवार आठवला. ती यादीचा आकडा बघून निवांतपणे दवाखान्यात गेली होती, खाटेशी उभी राहून म्हणाली होती, सगळं बरोबर आहे. त्याने तिचा हात घट्ट धरला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं. टाके दुखताहेत म्हणून तिने धावत जाऊन नर्सला बोलावलं होतं, आणि नर्सने त्याला इंजेक्शन टोचलं होतं!

ताई हसत सुटली. हेडफोन कानांवर, ढुंगणाखाली यंत्र, डोळ्यांना धार, आणि हसू काही आवरेना. ट्रकवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "डॉक्टरला बोलवायचं का?" यंत्रवालीला काहीच कळलं नव्हतं, पण तीही हसत होती.

ताई उठली. जुन्या यंत्राच्या पाठीवर तिने दोनदा थोपटलं. त्या बिचाऱ्याने तिला कधी फसवलं नव्हतं, तिने जे विचारलं तेवढंच ते दहा वर्षं सांगत होतं. चौदावा प्रयत्न नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरला होता, दोन्हीकडचा आकडा एकच होता. तिने सही केली, ट्रकवाल्यांना पाणी दिलं, मुलीला उद्यापासून काकू म्हटलंस तरी चालेल असं सांगितलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ग्रंथालयातली एक वस्तू पिशवीत घालून घरी नेली.

कुलूपवाला टेबलाशी बसून कानशीने एक किल्ली घासत होता. ताई आत आली, दाराशीच थांबली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे."

त्याने मान वर केली. आज बुधवार होता. ताईने एकोणीस नंबरचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. वर खोडलेले आकडे, मग तेराव्या प्रयत्नाचा, त्याखाली हो. त्याखाली ताज्या शाईत चौदाव्या प्रयत्नाचा आकडा, आणि त्याखाली पुन्हा एक हो. शेजारी आजची तारीख.

त्याने तारखेवर बोट ठेवलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं, आज ऐकलंस?

"आजच ऐकलं," ताई म्हणाली, आणि मग जे झालं ते सगळं तिने एका दमात सांगून टाकलं, यादीचा आकडा, म्हातारं यंत्र, दवाखान्यातलं इंजेक्शन. "चुकले मी. नऊ वर्षं तुम्हाला खोटं सांगत आले. घ्या, काय बोलायचं ते बोला."

कुलूपवाल्याने हातातली किल्ली बाजूला ठेवली. मग त्याने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, मग इतकी वर्षं माझी बाजू कुणाच्या सांगण्यावरून मांडत होतीस?

"कुणाच्या म्हणजे?" ताई चिडली. "सांगायला कशाला हवं कुणी? तुम्ही गप्प बसलेलं मला बघवेना. भांडणात एकटीच बोलून जिंकायचं, त्यात काय मजा?"

त्याने घंटी वाजवली. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदाही नाही. तो वाजवतच सुटला, घंटीचा स्क्रू निघून टेबलाखाली गडगडला तरी थांबेना, आणि त्याचे खांदे हसण्याने गदगदा हलत होते. ताईही डोळे पुसत हसत होती.

दारावर थाप पडली. "अहो, काय चाललंय काय?" बाहेरून शेजारीणबाईंनी विचारलं. "तुमचा तो पाहुणा अजून गेला नाही का?"

ताईने नवऱ्याकडे बघितलं. मग आवाज चांगला जाड केला आणि त्याच्या वतीने ओरडून सांगितलं, "पाहुणाबिहुणा कुणी नाही. आम्ही दोघंच बोलतोय!"